कोणाचा तास मोजायचा?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळव्याकडच्या उच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, उपनगरे, ठाणे असा सगळा पट्टा एकदम बंद पडला. लोकल जागच्या जागी थांबल्या. पण त्या दिवसांत लोकलमध्ये होती ती अत्यावश्यक सेवेतली माणसे आणि त्यांच्या गळ्यातली ओळखपत्रे. बाकीची नोकरदार मुंबई घरी लॅपटॉपपुढे बसलेली. काही भागांत दोन-अडीच तासांत वीज आली, काही उपनगरांत संध्याकाळ उलटली. तोवर राउटर गेले, मग मोबाइलची बॅटरी गेली, आणि दुपारच्या मीटिंगमध्ये चेहऱ्यांऐवजी काळे चौकोन राहिले. अंधेरीच्या कार्यालयांत जनरेटर होते, पण तिथे बसायला माणसे नव्हती. कर्मचाऱ्याचे घर सहा महिन्यांत कंपनीची यंत्रसामग्री होऊन बसले होते आणि त्या यंत्रसामग्रीचे बिल कंपनीच्या नावे येत नव्हते.

महासाथीने कामाची जागा बदलली, त्याने कर्मचाऱ्याची कामगिरी सुधारली की बिघडली, यावर गेल्या पाच वर्षांत प्रचंड लिहिले गेले. त्यातले बरेचसे मी बाजूला ठेवतो. ‘घरून तुमचे काम चांगले होते का?’ असे विचारले की कर्मचारी ‘हो’ म्हणतो, त्याच्या साहेबाला विचारले की तो ‘नाही’ म्हणतो. यातून कामगिरी कळत नाही, कोणाला काय हवे आहे तेवढे कळते. जिथे काम खरोखर मोजले गेले, असे अभ्यास मोजके आहेत. त्यातल्या एकाचीही जागा मुंबई नाही. म्हणून ते वाचताना बोरिवली, मुलुंड, घाटकोपर डोळ्यांपुढे ठेवावे लागतात. नाहीतर आकडे बरोबर आणि निष्कर्ष चूक, असे होते.

आधी इथे काय घडले ते पाहू. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. दिवसाला पाऊण कोटीहून अधिक माणसे नेणारी ही गाडी १५ जूनला पुन्हा निघाली, पण फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. १ जुलैपासून केंद्र सरकारी आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्मचाऱ्यांना मुभा मिळाली. २१ ऑक्टोबरपासून महिलांना, तीही सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना, पण पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. या वेळा बसवणाऱ्याने ऑफिसची वेळ नेमकी टाळली होती, आणि हेतूही तोच होता. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा दार लावले. दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांसाठी ते १५ ऑगस्ट २०२१ ला उघडले.

म्हणजे बंगळूर-पुण्यात घरून काम किती दिवस चालवायचे हे कंपनीने ठरवले, मुंबईत ते रेल्वेच्या परवानगीने ठरले. एकाच इमारतीतले दोन शेजारी घ्या. राष्ट्रीयीकृत बँकेतला माणूस जुलैत मुलुंडहून गाडीने जाऊ लागला. खासगी कंपनीत हिशेब पाहणारा शेजारी वर्षभर घरात राहिला किंवा बेस्टच्या रांगेत उभा राहिला. दोघांच्या त्या वर्षीच्या कामगिरीची तुलना करायला कोणी बसले असेल, तर त्याने आधी दोघांचे ओळखपत्र तपासावे. ज्या खासगी कार्यालयांनी हट्टाने माणसे बोलावली, त्यांची बोरिवलीहून निघालेली मंडळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर दोन-दोन तास अडकून, आधीच दमून टेबलाशी पोचत. त्या दिवसांतले मस्टर पाहून ‘ऑफिसातही काम होत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला तर तोही फसवा.

आता मोजलेले अभ्यास. सगळ्यात जास्त उद्धृत होतो तो महासाथीच्याही आधीचा. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातली ९ टक्के वाढ शिफ्टमध्ये जास्त मिनिटे काम झाल्याने, ४ टक्के मिनिटामागे जास्त कॉल घेतल्याने. नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. २०२० साली कंपन्यांच्या सादरीकरणांत हा तेरा टक्क्यांचा आकडा आरती म्हणावी तसा म्हटला जाई. त्याच्या अटी मात्र कोणी वाचत नसे. प्रयोगात यायचे तर माणसाने स्वतः तयारी दाखवलेली हवी, कंपनीत सहा महिने झालेले हवेत, घरी ब्रॉडबँड हवा, आणि कामासाठी स्वतंत्र खोली हवी.

स्वतंत्र खोली! घाटकोपरच्या चाळीतल्या किंवा बोरिवलीच्या वन रूम किचनमधल्या माणसाला ही अट वाचून हसू येईल. त्या घरात लॅपटॉप ओट्याच्या कडेवर असतो, मुलाची ऑनलाइन शाळा पलंगावर भरते, आजी-आजोबांचा टीव्ही आवाज बंद करून चालू असतो, आणि ग्राहकाशी बोलताना शेजारच्या कुकरची शिट्टी थेट अमेरिकेत ऐकू जाते. मालाडच्या माइंडस्पेसमधल्या कॉल सेंटरांना तर महासाथीआधी माणूस घरी बसवणेच जड जात होते. दूरसंचार विभागाच्या नियमांत त्यासाठी अनामत, ठरावीक नेटवर्क अशा अटी होत्या. मार्च २०२० मध्ये त्या तात्पुरत्या सैल झाल्या, ५ नोव्हेंबर २०२० ला बऱ्याचशा काढूनच टाकल्या. टेम्पोत भरून डेस्कटॉप घरोघर पोचवले गेले. संगणक टेम्पोत बसला. खोली बसली नाही.

सक्तीने घरी बसल्यावर काय होते, याचे उत्तर दुसऱ्या अभ्यासात आहे. मायकेल गिब्स, फ्रीडरिके मेंगेल आणि ख्रिस्टोफ झीमरोथ यांनी आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरची नोंद तपासली, टाळेबंदीआधीची आणि नंतरची. काम जवळजवळ तेवढेच झाले, किंचित कमी. तास मात्र वाढले, विशेषतः कार्यालयीन वेळेबाहेरचे. त्यामुळे ताशी उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली. मीटिंगा वाढल्या, सलग बसून काम करायला मिळणारा वेळ घटला, साहेबाबरोबर एकट्याने बोलणे कमी झाले. घरी मुले असलेल्यांची घसरण इतरांहून मोठी होती.

हे निष्कर्ष माझ्या ओळखीतल्या कुठल्याही आयटीवाल्याला सांगितले की तो मान डोलावतो. रात्री अकरालाही चॅटवरचा हिरवा ठिपका पेटता ठेवावा लागत होता. लोकलचे दोन-तीन तास वाचले, ते गेले कुठे? सत्तावीस देशांतल्या पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासात (त्यात ब्लूमही आहेत) घरून काम केल्याने वाचणारा प्रवासाचा वेळ सरासरी ७२ मिनिटे निघाला, भारतात ९९. वाचलेल्या वेळातला सुमारे ४० टक्के भाग पुन्हा नोकरीच्या कामातच गेला. ज्या वेळेचा पगार कधी मिळत नव्हता, तो वेळ फुकटात कंपनीच्या खात्यावर जमा झाला आणि अप्रेझलमध्ये त्याची ओळही आली नाही.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो भारतातला आहे आणि चिठ्ठ्या टाकून केलेला आहे. डेव्हिड ॲटकिन, आंत्वानेत शोआर आणि सहकाऱ्यांनी चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामासाठी माणसे घेतली आणि कोण घरी, कोण कार्यालयात हे नशिबावर सोडले. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्के कमी निघाली. यातला दोन-तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला; उरलेला कार्यालयातली माणसे लवकर शिकत गेल्याने वाढत गेला. पण पुढचा तपशील अधिक बोचरा आहे. ज्यांना घरूनच काम हवे होते, ती माणसे मुळात जास्त वेगवान आणि अचूक होती, आणि घरी बसवल्यावर त्यांचीच घसरण सर्वांत मोठी झाली: २७ टक्के. ज्यांना कार्यालय आवडत होते, त्यांची १३ टक्के. ज्याला घर हवे असते त्याला ते काम चांगले होते म्हणून हवे असते, हे गृहीतक इथे कोसळते. लहान मुले, घरातले आजारी माणूस, गरिबी. घर निवडण्यामागे अशी कारणे निघाली.

इथे एक साधा हिशेब मांडून पाहावासा वाटतो. हा माझा आहे, अभ्यासकांचा नाही. चेन्नईचे १८ टक्के तसेच्या तसे धरू. आठ तासांत कार्यालयात १०० काम होते, घरी ८२. कंपनीच्या दृष्टीने प्रश्न संपला. आता कर्मचाऱ्याचा दिवस मोजू. बोरिवलीहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्याचे घरापासून टेबलापर्यंत जाऊन-येऊन तीन तास सहज होतात. त्याने १०० काम अकरा तासांत केले. ताशी ९ च्या आसपास. घरी ८२ काम आठ तासांत. ताशी १० हून थोडे अधिक. म्हणजे एकाच माणसाचे, एकाच दिवसाचे काम कंपनीच्या वहीत घसरले आणि त्याच्या आयुष्याच्या वहीत वाढले. कोणाचा तास मोजता, त्यावर उत्तर उलटते.

उलटण्याचा बिंदूही काढता येतो. जाऊन-येऊन पावणेदोन तासांहून जास्त प्रवास असेल तर घर परवडते, कमी असेल तर कार्यालय. सबंध भारताची सरासरी, ९९ मिनिटे, या बिंदूच्या जरा अलीकडे आहे. मुंबई उपनगरातली बरीच माणसे पलीकडे आहेत. पण सगळी नाहीत! मरोळला राहून सीप्झमध्ये जाणारा, वर्सोव्याहून मेट्रोने एकवीस मिनिटांत घाटकोपर गाठणारा, दहिसर-अंधेरी पट्ट्यात जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या मेट्रो २अ आणि ७ वर बसणारा, यांच्यासाठी गणित वेगळे आहे. ज्याचा प्रवास अर्ध्या तासाचा आणि घर एका खोलीचे, त्याला कार्यालय ही सोय आहे. तिथे एसी आहे, खुर्ची आहे, कुकर नाही.

एकाच कंपनीतल्या, लांबून आणि जवळून येणाऱ्या या दोघांना ‘आठवड्यातून तीन दिवस’ किंवा ‘पाचही दिवस’ असा एकच हुकूम लावणे, हा मला महासाथीनंतरच्या धोरणातला मूळ दोष वाटतो. कंपनीकडे प्रत्येकाचा पिनकोड आहे. तो फॉर्म १६ साठी वापरला जातो, धोरणासाठी नाही.

बाईचा हिशेब याहून वेगळा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटे देत होत्या, असे काम करणारे पुरुष ९७. २०२४ च्या फेरीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. मधल्या काळात महासाथ येऊन गेली, अनेक घरांतले पुरुष महिनोन्‌महिने दिवसभर घरात होते. त्यांचीही मिनिटे घटलीच. विरारहून येणाऱ्या लेडीज डब्यात भाजी निवडली जाते याचे कौतुक आपण फार केले. त्या डब्यात एक गोष्ट आणखी होती: घर आणि कार्यालय यांच्यामधला तासभर, जिथे कोणी हाक मारत नसे. तो गेल्यावर चेन्नईतले २७ टक्के कोणाचे असतील, हे सांगायला वेगळा अभ्यास नको. आणि तरीही यातल्या अनेकजणी घरून काम मागतात, कारण न मागितले तर नोकरीच सोडावी लागेल. कामगिरी घसरलेली बाई आणि नोकरी सोडलेली बाई यांत कंपनीने कशाशी तुलना करायची हे ठरवले पाहिजे. बहुतेक कंपन्या तिची तुलना एकट्या राहणाऱ्या पंचविशीतल्या मुलाशी करतात.

शिकण्याचा मुद्दा मात्र कार्यालयाच्या बाजूने भक्कम आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर झालेल्या अभ्यासात, एकाच इमारतीत बसणाऱ्या चमूतल्या नव्या मुलामुलींना त्यांच्या कोडवर जास्त शेरे, जास्त सूचना मिळत होत्या. त्याची किंमत वरिष्ठ देत होते. शिकवण्यात वेळ गेल्याने त्यांचे स्वतःचे काम कमी होत होते. म्हणजे जवळ बसण्याचा फायदा एकाला आणि खर्च दुसऱ्याला, आणि तो खर्च वरिष्ठाच्या रेटिंगमध्ये तोटा म्हणून दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या एकसष्ट हजारांहून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या नोंदींतही सगळे घरी गेल्यावर संपर्काचे जाळे आकसले. माणसे आपापल्या गटातच बोलत राहिली. २०२० आणि २०२१ साली पदवी घेऊन थेट घरातूनच नोकरीला लागलेली एक पिढी आपल्याकडे आहे. त्यांनी पहिला पगार घेतला तेव्हा साहेबाची उंची किती आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या बाबतीत झालेले नुकसान त्या वर्षीच्या आकड्यांत दिसणारच नव्हते, कारण शिकणे पुढच्या वर्षांत फळते.

कंपन्यांची उत्तरे काय होती? एप्रिल २०२० मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसने २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी फक्त २५ टक्के माणसे कार्यालयात लागतील असे जाहीर केले होते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीने पाच दिवस बोलावले, आणि २०२४ मध्ये तिमाही व्हेरिएबल पे हजेरीला बांधला: साठ टक्क्यांखाली हजेरी असेल तर काही नाही, पंच्याऐंशीच्या वर पूर्ण. दरम्यान सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणाऱ्या तीनशे जणांना काढल्याचे जाहीर केले होते आणि घरी बसलेल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले होते. कार्यालयात बोलावण्यामागे शिकवणे, एकत्र काम, सुरक्षितता अशी खरी कारणे असू शकतात. पण व्हेरिएबल पे हा नावापुरता तरी कामगिरीचा मोबदला आहे. तो कार्डच्या पंचिंगवर द्यायचा ठरला की कामगिरी मोजण्याचा नाद सोडल्याची कबुलीच झाली. आपल्या सरकारी कार्यालयांतल्या लेटमार्कला हसणाऱ्या आयटी क्षेत्राने लेटमार्कचाच नवा अवतार काढला.

सरकारी कार्यालयांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिथे मोजण्यासारखे फार थोडे आहे. राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू केला, म्हणजे टाळेबंदीच्या महिनाभर आधी. त्याचा परिणाम काय झाला हे तपासायला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन काळच मिळाले नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये तर उपस्थिती १५ टक्क्यांवर आली. टेबलावरच्या फायली किती हलल्या याचा ताळा ज्या खात्याने ठेवला असेल, त्याने तो प्रसिद्ध करावा.

आणि ज्यांचे काम घरी नेताच येत नाही, ते या सगळ्या वादातून गळतात. सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ पासून अंधेरीत आहे. त्याच कुंपणात आयटी कंपन्या आहेत आणि दागिन्यांचे कारखानेही. जुलै २०२२ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी नियम ४३अ आणून निम्म्या कर्मचाऱ्यांना वर्षभर घरून कामाची मुभा दिली. सवलती कुंपणाला जोडलेल्या असल्याने त्यासाठीही नियम लागला. हिरे बसवणाऱ्या कारागिराला या नियमाचा उपयोग शून्य; सोन्याची तार घरी जात नाही. गाड्या बंद असताना तो आला तर दूरच्या उपनगरातून खासगी वाहनाला पैसे मोजून आला, नाहीतर त्याची रोजी बुडाली. साकीनाक्याच्या गाळ्यांत नगावर काम करणाऱ्याची कामगिरी तर रोजच मोजली जाते, त्याला अप्रेझल लागत नाही. नगावर मजुरी म्हणजे माल न आल्याचा, वीज गेल्याचा, गाडी चुकल्याचा सगळा धोका मजुराच्या अंगावर. महासाथीत तो धोका वाढला. घरून काम करणाऱ्या पांढरपेशावर राउटर आणि वीजबिलाच्या रूपाने आला, तो याच धोक्याचा सौम्य भाग.

ब्लूम यांनी पुढे त्याच चिनी कंपनीत, आता ती ट्रिप डॉट कॉम झाली होती, १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला आणि तो २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आठवड्यातले दोन दिवस घरी, तीन कार्यालयात. दोन वर्षांच्या मूल्यमापनांत कामगिरीत फरक नाही, बढत्यांत फरक नाही, नोकरी सोडणारे एक-तृतीयांशाने कमी. ही घट सर्वांत जास्त दिसली ती बायकांत, स्वतः साहेब नसलेल्या कर्मचाऱ्यांत आणि लांबून येणाऱ्यांत. प्रयोगाआधी व्यवस्थापकांना वाटत होते की उत्पादकता घसरेल; नंतर त्यांचे मत बदलले. मला यातले ‘लांबून येणाऱ्यांत’ हे शब्द मुंबईच्या प्रत्येक मनुष्यबळ खात्याच्या भिंतीवर लावावेसे वाटतात.

मात्र इथे या हायब्रिड पद्धतीला रेल्वेची एक अडचण आहे. सगळ्या कार्यालयांनी घरचे दिवस म्हणून सोमवार आणि शुक्रवार दिले, तर मंगळवार ते गुरुवार गर्दी तीच राहील. मध्य रेल्वे कार्यालयांना वेळा विभागून घ्या असे आवाहन करत आली आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या गाड्यांच्या दारातून माणसे पडून मेली, तेव्हा हा विषय पुन्हा चार दिवस वर्तमानपत्रांत आला. ऑगस्ट २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारने खासगी कार्यालयांना चोवीस तास, प्रत्येक सत्रात पाव क्षमतेने चालण्याची मुभा दिली होती. कार्यालयाचे घड्याळ हलवता येते हे तेव्हा सिद्ध झाले. साथ गेल्यावर ते जागेवर आले.

घड्याळ हलवण्याबरोबर ते थांबवण्याचाही प्रश्न आहे. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले. पण गिब्स यांच्या आकड्यांनंतर ते केवळ सोयीचे विधेयक राहत नाही: वाढलेल्या तासांनी काम वाढत नसेल, तर ते तास बंद करण्यात कंपनीचाही तोटा नाही.

सध्या मुंबईत कामगिरी सुधारण्याचे जे काम चालू आहे, ते बहुतेक महानगरपालिका आणि एमएमआरडीए करत आहेत आणि त्यांना ते ठाऊक नसावे. मुलुंडहून गोरेगावच्या नेस्कोला जाणाऱ्याला सरळ गाडी नाही. तो दादरला जाऊन उलटा येतो, किंवा घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी आणि तिथून पुढे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता राष्ट्रीय उद्यानाखालच्या बोगद्यांतून जायचा आहे, आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरून मेट्रो ४ यायची आहे. ते झाले की त्याचा प्रवास पावणेदोन तासांच्या बिंदूच्या अलीकडे सरकेल आणि कदाचित तो आपणहून कार्यालयात येईल. तोवर त्याच्या कंपनीने त्याला आठवड्यातून किती दिवस बोलवायचे, हे ठरवणाऱ्या साहेबाने एकदा सकाळी आठ वाजता मुलुंडहून निघून पाहावे.